पोस्टरवरची गुळगुळीत मान

वेल्समधल्या लानेली गावात ग्लेनिस प्रिचर्डचं केस कापायचं दुकान होतं. लहानपणी शेगडीजवळ तिच्या झग्यानं पेट घेतला, तेव्हापासून हनुवटीपासून डाव्या खांद्यापर्यंतची कातडी आवळून गाठीगाठींची झाली होती. मान धड वळत नसे. खाज अनावर झाली की कात्री ठेवून ती मागच्या खोलीत जाई.

अशा व्रणांवरच्या संशोधनाला पैसा पुरवणारी एक धर्मादाय संस्था होती. तिच्यासाठी ग्लेनिस कित्येक वर्षं केक भाजत होती, सोडतीची तिकिटं खपवत होती. म्हणून संस्थेच्या रॉद्रीनं पोस्टरसाठी फोटो मागितला, तेव्हा ती आढेवेढे घेत का होईना, तयार झाली. परक्या माणसांसमोर गळ्याचा रुमाल सोडणं तिला जड गेलं, पण सोडला.

पोस्टरं आली. नवऱ्यानं, एमलिननं, गठ्ठा सोडला आणि बघतच राहिला.

"ही कोण?"

"मी. दुसरी कोण असणार?"

"मग तुझी मान कुठं गेली?"

व्रण पुसला होता. कानाखाली एक फिकट रेघ उरली होती, उशीची गालावर उमटते तशी. ग्लेनिसनं तडक रॉद्रीला फोन लावला.

"जरासा हात फिरवलाय हो," तो म्हणाला. "लोक बघून तोंड फिरवतात, मग देत नाहीत."

"ज्याच्यासाठी हात पसरायचे, तेच झाकायचं? मग मांजराचा फोटो लावायचात. मांजरांना लोक भरभरून देतात."

"ग्लेनिसबाई, आता छापून झालंय."

पुढच्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये संस्थेच्या मदतीसाठी चहापान होतं. ग्लेनिस मुद्दाम रुमाल न बांधता गेली. हार्डवेअरचं दुकान मुलाकडे सोपवून निवांत झालेले बेननकाका कप घेऊन पोस्टरपाशी उभे राहिले.

"ही बाई आलीय का गं आज? नशीबवान म्हणायची. एवढ्याशा खुणेवर भागलं."

"तिनंच तुम्हाला चहा ओतला."

काकांनी पोस्टर पाहिलं, मग तिची मान पाहिली. "अगं, पण तुझंही काही फारसं दिसत नाही."

हे वाक्य तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. "दिसत नाही, तर कशाला देताय?" ती म्हणाली. "न दिसणाऱ्यासाठी द्या. रात्रभर खाजतं, त्यासाठी द्या."

काका ओशाळले आणि देणगीच्या पेटीकडे वळले.

सोमवारी तिनं केसांना लावायचा तपकिरी रंग कालवला आणि दुकानातल्या पोस्टरवर ब्रशनं आपला व्रण काढला. मदतनीस नेस्टा म्हणाली, "जरा लांबला."

"माझाय. मला ठाऊक आहे कुठवर जातो ते."

रॉद्री येऊन बघून गेला. त्यानं सुस्कारा टाकला. "इथं राहू दे हे. बाकी गावांत छापलेलंच लागेल." ती धुमसत राहिली, पण केक भाजायचे काही थांबवले नाहीत.

पुढच्या वर्षी संस्थेच्या पैशातून स्वान्सीच्या इस्पितळात व्रणांच्या खाजेवर अभ्यास सुरू झाला. व्रणाचा बारीकसा तुकडा द्यायला ग्लेनिस गेली.

"औषध कधी निघेल?" तिनं विचारलं.

तरुण डॉक्टरीणबाई अडखळल्या. "निघालंच तर... बरीच वर्षं जातील."

"तोवर मी ऐंशीची होईन."

"हो. पण आत्ता वॉर्डात भाजलेली जी लेकरं आहेत, ती तेव्हा कॉलेजात असतील."

चरफडतच ग्लेनिसनं कॉलरचं बटण काढलं.

"मग कापा लवकर. अकराला माझं गिऱ्हाईक यायचंय."