काडतूस भरणारे गफूरचाचा

हातात माप असताना गफूरचाचांना कुणी ‘राम राम’ घातला, की ते आधी तोंडभरून ‘राम राम’ म्हणत आणि मग तोवर काडतुसांत भरलेली सगळी बंदुकीची दारू डब्यात परत ओतून पहिल्यापासून सुरुवात करत. चिडत नसत असं नाही. ओतता ओतता त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, पण तो कोपऱ्यावरून वळल्यावर. अमरावतीत आमची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. माझं चष्म्यांचं, त्यांचं बंदुका दुरुस्त करायचं. हातानं काडतुसं भरायचा रीतसर परवानाही त्यांच्याकडे वडिलांपासून चालत आलेला होता.

“चाचा, दार लावून बसा ना,” असं मी एकदा सुचवलं.

“अन् कोनी आवाज देल्ला अन् दार बंद दिसलं तं? म्हनन, गफूर माजला!”

बोलल्यामुळे माप चुकतं, आपण टाकलं की टाकायचं राहिलं हे आठवत नाही, आणि एकाच काडतुसात दोनदा दारू पडली तर जुनं हत्यार चालवणाऱ्याच्या हातातच फुटतं. म्हणून ते ओतून टाकणं. “याद राह्यलं असं वाटते ना, तेच झूट असते,” असं ते म्हणत.

एरवी हा माणूस पाच मिनिटं एका जागी टिकत नसे. चहा अर्धा प्यायचा, पेला घेऊन माझ्याकडे यायचं, “काहून, आज गिऱ्हाइकाइचे डोये चांगले झाले का?” म्हणून मला डिवचायचं, आणि उत्तर द्यायच्या आत पेला माझ्याच काउंटरवर विसरून रस्त्यात उभं राहायचं. संध्याकाळी त्यांचे पेले गोळा करून परत करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. रस्त्यावरून अंत्ययात्रा जाताना दिसली, मग ती कुणाचीही असो, की चाचा चपला अडकवून निघालेच. चार पावलं खांदा द्यायचे आणि परत यायचे. त्यांच्या आईनं लहानपणी लावलेली ती सवय होती.

मोर्शीचे वसंतराव त्यांचे जुने गिऱ्हाईक. संत्र्याची मोठी बाग, बागेत रानडुकरांचा धुमाकूळ, त्यामुळे घरात परवान्याच्या दोन बंदुका. तिसरं हत्यार म्हणजे त्यांच्या आजोबांनी फौजेतून आणलेलं रिव्हॉल्व्हर. जडशीळ, मुठीला दोरी अडकवायची कडी असलेलं. नव्या कायद्यानं एका माणसाकडे दोनच हत्यारं ठेवता येणार होती. ज्याच्या गोळ्याच कुठं मिळत नाहीत ते आधी द्यावं, असं घरात ठरलं. द्यायचं त्याच्या आदल्या दिवशी वसंतराव आजोबांच्या वेळची सहा रिकामी पितळी काडतुसं फडक्यात बांधून चाचांकडे आले.

“आज्यानं आनलं, बापानं पुसलं, मी दरसाल दसऱ्याले झेंडू वाह्यला. पन याचा आवाज आमच्या घरात कोनीच नाई आयकला, गफूरभाई. उद्या जमा कराचं हाये. सकाळी बागेत एकदा चालवतो. ठानेदाराले सांगून ठेवलं हाये.”

चाचा लगेच कामाला बसले. संध्याकाळी वसंतराव सहाही काडतुसं घेऊन मोर्शीला गेले.

दुसऱ्या दिवशी मी दुकान झाडत होतो तर चाचा समोर उभे. डोळे लाल. हातात अवजारांची पिशवी.

“गाडी काढ. मोर्शीले जाचं हाये.”

“आत्ता?”

“काल जनाजा गेला ना दुपारी. खांदा द्याले उठलो मी. तीन भरून झाले होते का चार, मले याद नाई. परत आलो तं वसंतराव समोर बसून मायाकडे पाहून राह्यले होते, त्याइची बस निंगून राह्यली होती. मी डब्यात उलटवलं नाई रे. तसंच पुढं भरलं.”

वसंतरावांचा फोन लागत होता, पण कुणी उचलत नव्हतं. मी मोटरसायकल काढली. चाचा मागे बसून सारखे खांद्यावर थापा मारत होते, “पळव ना!” आणि गाडी पळवली की, “मले मारतं का बे?” एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी नुसता गिअर बदलत राहिलो. प्रत्येक थांब्याला ते फोन लावायचे आणि शिवी देऊन खिशात घालायचे.

बागेच्या फाटकातूनच माणसं दिसली. सगळं घर जमलेलं. रिव्हॉल्व्हरला कुंकू लावून झालं होतं आणि ते वसंतरावांच्या हातात होतं. चाचा चालत्या गाडीवरून उतरले, धडपडले आणि ओरडत सुटले, “वसंतराव! थांबा! चालवू नका!”

सगळं ऐकून वसंतरावांनी विचारलं, “माप चुकलं का तुमचं?”

“मले माहीत नाई.”

“मंग?”

“माहीत नाई म्हनूनच आलो ना!”

“गफूरभाई, आज दुपारी हे जाते. पुन्हा माया हातात येत नाई. तुमाले नुसती शंका हाये. हात माया हाये, मी चालवतो.”

चाचांनी हात पुढे केला. “भरलं मी हाये. चालवाचंच असन तं मी चालवतो. तुमी पोराबाळाइले घेऊन तिकडे व्हा.”

ते खरंच चालवणार होते. वसंतरावांना ते कळलं. मलाही कळलं. वसंतरावांनी त्यांच्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी हत्यार उघडलं आणि सहाही काडतुसं त्या हातावर ठेवली.

विहिरीजवळच्या ओट्यावर बसून चाचांनी एकेक काडतूस उकललं. प्रत्येकातली दारू पिशवीतल्या छोट्या तराजूत घातली. पहिलं बरोबर, दुसरं बरोबर. सहावंही बरोबरच निघालं. त्या वेळी मला चाचांचा भयंकर राग आला, हे लपवत नाही. पुन्हा भरायला दुकान गाठावं लागलं असतं आणि तेवढी सवड उरली नव्हती.

“बराबरच होतं ना सगळं?” वसंतरावांनी विचारलं.

“हो.”

“म्हंजे आवाज झाला असता.”

“झाला असता,” चाचा म्हणाले.

वसंतराव रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून घरात गेले. आम्हाला चहाही कुणी विचारला नाही. दुपारी ते हत्यार मुक्यानंच जमा झालं.

त्याच महिन्यात चाचांनी काडतुसं भरायचं काम कायमचं सोडलं. लोकांना सांगत, हात थकला. वसंतराव पुन्हा कधी दुकानाची पायरी चढले नाहीत. बाजारात चाचा समोर दिसले तरी रस्ता ओलांडून पलीकडे जात. एकदा हे माझ्यासमोरच घडलं. मला राहवलं नाही. “चाचा, काडतुसं तर बरोबरच होती. उगाच गेलात. चांगला माणूस तुटला.”

चाचा पलीकडच्या फुटपाथवरून तरातरा चाललेल्या वसंतरावांकडे पाहत होते. डोळे भरले होते, पण चेहरा हसरा होता.

“करू दे राग,” ते म्हणाले. “राग कराले मानूस जित्ता लागते.”