नाहीभियांची परमिशन

आमच्या सरांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'नाही'. समोरच्यानं काय मागितलंय ते नंतर ऐकायचे. सांवेर रोडवरच्या आमच्या पाइपांच्या फॅक्टरीत त्यांना सगळे नाहीभिया, म्हणजे 'नाही'वाले भाऊ, म्हणत, आणि तेही तोंडावर. "नाहीभिया, जरा स्टोअर की परमिशन दे दो ना यार," असं कुणी म्हणालं की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "नाही. आधी सांग, काम काय आहे?"

कंप्युटर विभागाचे ते प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. आमच्याकडे एकाच दणकट मशीनच्या पोटात सगळे सर्व्हर चालत. पगाराचा वेगळा, स्टोअरचा वेगळा, माल रवाना करायचा वेगळा. हात लावून बघायला एकही नाही, सगळे पडद्यावरच. त्यात कुणी शिरायचं, कुणी नुसतं बघायचं, आणि सर्व्हर बंद करायचा हक्क कुणाला, हे सर ठरवत. ठरवत म्हणजे त्या माणसाशेजारी खुर्ची ओढून बसत, त्याचं काम बघत, मगच त्याचं अकाउंट उघडून देत. "जितना काम, उतना हक," म्हणायचे. "वर पोह्यांसारखी मूठभर सेवसुद्धा नाही."

छोट्या सेठनी एकदा सगळ्याच परमिशन मागितल्या. सर शांतपणे म्हणाले, "सेठजी, ट्रक आपके हैं, तो क्या आप चलाते हो?" सेठ आधी लालबुंद झाले, मग हसत सुटले. मी नंतर म्हटलं, "सर, नोकरी गेली असती ना!" तर म्हणाले, "तुम्ही राजवाड्याकडची दरबारी माणसं, तुम्हाला भीती वाटणारच. आमचे आजोबा महूच्या पलटणीत होते. साहेब आला तरी गेटावर पास मागायचा, एवढंच आम्हाला शिकवलंय."

पण दिलेली परमिशन काढायची वेळ आली की हाच माणूस मेणाहून मऊ व्हायचा. कुणाचा विभाग बदलला, कुणी नोकरी सोडली, तर इतर ठिकाणी गुपचूप अकाउंट बंद करतात. सरांना ते अजिबात खपत नसे. त्या माणसाला बोलवायचं, शेजारी बसवायचं, काय काढतोय ते सांगायचं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत काढायचं. "पाठीमागून हक्क काढणं म्हणजे चोरी, बेटा," म्हणायचे. मग त्याला चहा पाजायचे.

एका सकाळी माल रवाना करायचा सर्व्हर बंद पडला. गेटावर ट्रकांची रांग, ड्रायव्हर बोंबलतायत. सर ओरडत होते, "किसने बंद किया? हात कुणी लावला?" कुणी काय केलं याची नोंद सर्व्हर आपणच ठेवतो. मी ती उघडली. त्यात सरांचंच नाव होतं. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं. "मला आठवत नाही गं," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं त्याची भीती मला तिथेच वाटली होती. सरांची आठवण विरत चालली होती.

डॉक्टरकडून आले ते थेट माझ्या टेबलाशी. खुर्ची ओढून बसले. "बेटा, माझ्या परमिशन काढ."

"सर, काहीतरीच काय!"

"माझ्या हातून उद्या पगाराचा सर्व्हर उडाला तर? समोर बसलोय ना? काढ."

मी एकेक काढत गेले. ते सर्व्हरचं नाव वाचून दाखवायचे, मी काढायचे. शेवटी "शाब्बास" म्हणाले आणि चहा सांगितला.

निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. सेठ म्हणाले, येऊ दे त्यांना, बसू दे. सर रोज महूहून मुलाबरोबर यायचे, लॉगिन करायचे, आणि मला हाक मारायचे. "बेटा, माझं काहीतरी चुकलंय. सर्व्हर एकही दिसत नाहीये."

अरे देवा! रोज! रोज मी शेजारी बसून सांगायचे आणि रोज त्यांचा चेहरा पहिल्यांदा ऐकल्यासारखा उतरायचा. ऑफिसातले म्हणत, "पागल है क्या? नेटवर्क गेलंय म्हण आणि मोकळी हो." मला नाही जमलं. इतर कुणाशी खोटं बोलले असते, त्यांच्याशी कसं बोलणार?

"कुणी काढल्या?" ते विचारायचे.

"मी, सर."

"मला सांगून?"

"समोर बसवून."

"मग ठीक आहे," म्हणायचे आणि पडद्याकडे बघत बसायचे.

शेवटच्या दिवशीही हेच झालं. फक्त 'ठीक आहे' म्हटल्यावर ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आणि तुझ्याजवळ कोण बसलं होतं गं तेव्हा?"

कसंबसं म्हटलं, "तुम्हीच होतात, सर." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर ते आलेच नाहीत. घरचं दारही ओळखेनासे झाले, असं त्यांच्या पत्नीनं, काकूंनी फोनवर सांगितलं. या थंडीत गेले. मी महूला अंत्यदर्शनाला गेले तर जो तो म्हणत होता, बरं झालं, सुटले बिचारे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुटले कसले? मला नव्हतं सोडायचं त्यांना. उद्या सकाळी येऊन बसू देत, विचारू देत कुणी काढल्या म्हणून. मी सांगेन. रोज सांगेन हो, जन्मभर सांगेन.