शेवटची बोट पाचला

धक्क्यावर उतरलं की पहिली खिडकी लागते ती मावशीची. खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी आहे आणि मावशीने ती फारच मनावर घेतली आहे. पाहुण्याने तोंड उघडायच्या आत तीच त्याची चौकशी सुरू करते. टोपी आणली का? पाणी किती आहे? पायात हे काय घातलंय, वाळू तापली की तळवे भाजतील. बारा ते तीन सावली सोडू नका. दीपगृहामागे पाणी कितीही शांत दिसलं तरी उतरू नका, तिथली ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही आत नेते. “आणि सायकल खुशाल घ्या, पण आधी ब्रेक दाबून बघा.” हे माझ्याकडे बघत. कारण शेजारच्या टपरीत बसून सायकली भाड्याने देतो तो मीच.

सगळ्यात शेवटी ती सांगते, “परतीची शेवटची बोट पाचला. चुकली तर पोहत जायचं.”

बोट सुटते साडेपाचला. पण सुट्टीवर आलेल्या माणसाचं घड्याळही सुट्टीवर असतं, असं मावशीचं मत. पाच सांगितलं की मंडळी साडेपाचला धापा टाकत का होईना, पोचतात. बावीस वर्षांत तिने कुणाची बोट चुकू दिलेली नाही. बेटावर शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पाहुण्यांना मात्र कुणी पत्ता लागू देत नाही.

मावशीची लेक चार वर्षांत बेटावर आली नव्हती. तिने लग्न आपल्या मनाने केलं, मावशी लग्नाला गेली नाही. तेव्हापासून दोघी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलतात. ‘घरी ये’ एवढंच म्हणायचं होतं मावशीला. मला तर तिने ते दहादा म्हणून दाखवलं. साऱ्या जगाला सूचना देणारी बाई, पण लेकीशी बोलताना हे दोन शब्द तिच्या तोंडून निघायचे नाहीत.

आणि परवा सकाळच्या बोटीतून लेक उतरली. मागे जावई, बोडक्या डोक्याने. मी सायकल पुसत होतो, ते एकच हँडल पुसत राहिलो.

लेक सरळ खिडकीशी गेली नाही, चार माणसांमागे रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला.

“फिरायला आलोय,” ती म्हणाली. “दिवसभरासाठी.”

मावशीचा चेहरा कसनुसा झाला. काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलायला लागली, आणि बावीस वर्षांची सवय पुढे धावली. “यांची टोपी कुठाय?” मग पाणी, सावली, दीपगृह, सगळं एका दमात. आणि शेवटी, “शेवटची बोट पाचला.”

लेक खिडकीपासून हटली. बाजूला येऊन तिने मला विचारलं, “वेळ बदललीय का रे?”

“नाही ताई. साडेपाचच.”

“मग मला घालवायची एवढी घाई?” असं म्हणून ती निघालीच. जावई तिच्या मागे.

मी खिडकीत डोकं घातलं. “मावशी, तिला पाच का सांगितलंस?”

“पाच सांगितलं मी?” मावशीने कपाळावर हात मारला. “अगं बाई!” पुढच्याच क्षणी भर दिवसा खिडकीची फळी खाली आली. “सायकल दे.”

तशाही अवस्थेत तिने ब्रेक दोनदा दाबून बघितले. पहिली नापसंत केली, दुसरी घेतली. मी पाठोपाठ. सबंध किनारा पालथा घालायचा तिचा बेत होता, पण तितकं लांब जावंच लागलं नाही. तिच्याच घराच्या पायरीवर दोघं बसली होती. दाराला कुलूप, आणि ताईच्या मांडीवर घरासाठी आणलेली पिशवी.

“पाचची बोट गाठायची नाही का आम्हाला?” ताई म्हणाली. रागाने म्हणायला गेली, पण रडवेलीच झाली.

“अगं, जिभेला वळणच ते. कुणालाही तेच सांगते.”

“मी कुणीही आहे?”

मावशीने सायकल भिंतीला टेकवली. दम लागला होता. “साडेपाचची आहे,” ती म्हणाली, “ती चुकव. उद्याचीही चुकव. घरी ये गं.”

जावई उठून बाजूला झाला आणि समुद्राकडे बघू लागला. समुद्र तिथून दिसत नाही, शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसते. मीही टाकीच बघितली.

ताईच्या खोलीची अडगळ झालेली. दुपारभर मी आणि जावयाने खोकी उपसली, तेव्हा कुठे खाट सापडली. ती उचलून खिडकीपाशी नेली, तर स्वयंपाकघरातून मावशी ओरडली, “तिथे नको! सकाळचं ऊन तिच्या डोळ्यांवर येतं.”

आम्ही मुकाट्याने खाट भिंतीकडे सरकवली.