सभागृहातले आणि टपरीवरचे

हे मी आजवर कोणापाशीही बोललो नाही. पत्नीपाशीही नाही — आणि तिच्यापासून तर मी चुकवलेली रक्तदाबाची गोळीसुद्धा लपवत नाही. तुम्हाला का सांगतो आहे? नेमके ठाऊक नाही. येत्या सोमवारी पुन्हा प्रशिक्षण आहे, आणि चार दिवस झाले, हाती घेतलेले एकही काम धड पुरे होत नाही.

मी परभणी जिल्ह्यातला प्राथमिक शिक्षक. शाळांसाठी काही नवे ठरले — अभ्यासक्रम म्हणा, प्रगतिपत्रक म्हणा, मूल्यमापनाची पद्धत म्हणा — की आधी ते मला शिकवले जाते आणि मग मी ते तालुक्यातल्या शिक्षकांना शिकवतो. या कामाला सुलभक असे नाव आहे. माझा आवाज मऊ आहे. सरांचे ऐकले की नव्याची भीती जाते, असे लोक म्हणतात. या वाक्याचा मला फार वर्षे अभिमान होता.

काही वर्षांपूर्वी पद्धत बदलली. लेखी गुणांऐवजी प्रत्येक मुलाला जवळ बसवून त्याचे वाचन ऐकायचे, आणि ते अक्षरापाशी अडते, शब्दापाशी की उताऱ्यापाशी, हे नोंदवायचे. जे मागे असेल त्याला जादा तास आणि वेगळी पुस्तके मिळणार होती. मी सभागृहातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले — जे दिसेल तेच लिहा. ही मुलांची पारख आहे, तुमची नाही, असे म्हणालो. खऱ्या नोंदीबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही, असेही म्हणालो. मला जसे सांगितले होते, तसेच मी सांगितले.

आणि मग मधली सुट्टी झाली.

आम्ही आठ-दहा पुरुष शिक्षक रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहाला गेलो. बायका आतच डबे उघडून बसत. तसा रिवाजच होता, कोणी घालून दिलेला नसला तरी. माझ्या एका जुन्या मित्राने बशीत चहा ओतला आणि डोळे बारीक केले.

"सर, आत लय गोड बोललात. आता खरं सांगा. माझी अर्धी पोरं ऊसतोडीला जातेत, परत आली की आपलं नाव बी लिहिता येत न्हाई त्यायला. तसंच लिहू का?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि आवाज होता त्याहून मऊ करून म्हणालो, "जरा सांभाळून लिहा. शेवटी बैठकीत आकडेच वाचले जातात."

हेच ते, असे तुम्हाला वाटले असेल. मलाही कितीतरी दिवस वाटत होते की माझा दोष एवढाच — आत एक आणि बाहेर एक. पण तसे नाही.

तालुक्यातल्याच एका शाळेतल्या शिक्षिका सविताबाई त्या सुट्टीत सभागृहातच होत्या. पहिल्या रांगेत बसून फळ्यावरचे शब्द वहीत उतरवून घेणाऱ्या. त्यांच्या गावातूनही दिवाळीनंतर निम्मी घरे कारखान्यांकडे जात. त्यांनी प्रत्येक मूल खरोखर जवळ बसवले. त्यांची एक नोंद मला आजही पाठ आहे — "रेणुका : सोपे शब्द वाचते. जोडाक्षर आले की थांबून माझ्या तोंडाकडे पाहते. पाच महिने शाळेत नव्हती. वेळ दिला तर वाचील." इतकी चांगली नोंद मी प्रशिक्षणात नमुना म्हणूनसुद्धा कधी दाखवू शकलो नव्हतो.

बैठकीत आकडे वाचले गेले. सगळ्यांच्या शाळा वर, बाईंची तळाला. तालुक्याच्या शिक्षणाधिकारी साहेबांनी तक्ता हातात धरून विचारले, "बाई, बाकीच्यांची पोरं वाचायलीत, तुमचीच कशी न्हाईत? हे असं लिहायला सांगितलं कुणी?"

बाई उभ्या राहिल्या. घाबरल्या नव्हत्या. "आमच्या सरांनीच सांगितलंय की, जे दिसेल तेच लिहा म्हणून." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले — आपला साक्षीदार याच खोलीत बसला आहे, अशा निर्धास्तपणे.

साहेब माझ्याकडे वळले.

मी काय म्हणालो? हे लिहिताना लेखणी तिसऱ्यांदा खाली ठेवली. मी म्हणालो, "नोंदी अचूक करा, असं म्हणालो होतो मी. बाईंचा काहीतरी गैरसमज झाला असावा."

कशाची भीती होती? नोकरी जाणार नव्हती. फार तर पुढच्या वेळी सुलभक म्हणून दुसऱ्याचे नाव आले असते. बस, एवढेच. बाई बसल्या. त्यांनी परत माझ्याकडे पाहिले नाही.

नोंदी त्याच दिवशी दुरुस्त करून घ्याव्यात, असे ठरले — आणि ते काम माझ्याकडे आले. मी बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि सांगत गेलो. त्या लिहीत गेल्या. रेणुकाच्या नावापुढे मी सांगितले, "वाचन समाधानकारक." बाईंचे अक्षर सुंदर होते. त्यांनी एकदाच विचारले, "मग तिला जादा तास?" मी म्हणालो, "ते तुम्ही आपले घ्या की." पुस्तके मात्र नोंदींवरून वाटली गेली. कागदावर त्या शाळेत कोणीच मागे नव्हते. तिथे एकही पुस्तक गेले नाही.

पुढच्या वर्षी मी त्या शाळेत गेलो होतो. रेणुका पाचवीत होती. मी तिच्या हाती पुस्तक दिले. तिने एक ओळ वाचली, जोडाक्षर आले, आणि ती माझ्या तोंडाकडे पाहू लागली.

हे सांगून झाले, असे म्हणून उठावेसे वाटते. पण अजून उरले आहे.

गेल्या वर्षी निकष पुन्हा बदलले. पुन्हा तेच सभागृह. फळ्यावर मी पुन्हा तेच लिहिले — होय, तेच शब्द. सविताबाई या वेळी शेवटच्या रांगेत होत्या. त्यांची वही मिटलेली होती. मधल्या सुट्टीत आम्ही टपरीवर उभे असताना त्या एकट्याच रस्ता ओलांडून आल्या. माणसे बाजूला सरली, कोणीतरी त्यांच्या हाती ग्लास दिला. त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या. आवाजात टोमणा नव्हता. नवीन शिक्षक शंका विचारतो, तसे त्यांनी विचारले —

"सर, आतलं झालं. आता हितलं सांगा."

या वेळी कोणीही हसले नाही. रस्त्यावरून एक एसटी गेली, तिची धूळ खाली बसेपर्यंत मला वेळ होता. मी तिथे दुसरे काहीही म्हणू शकलो असतो.

"जरा सांभाळून लिहा, बाई," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, चहा तसाच फळीवर ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.