बोर्डापुढे 'बरा हाय' बोलायचा नाय

"बरा हाय!" काकांना काहीही विचारा, हेच उत्तर. ताप असो, पाठीत उसण भरलेली असो, उजवा हात छातीवर जायचा आणि पाठोपाठ ठसठशीत "बरा हाय". तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस असेलच. आमच्या काकांना मात्र ही सवय चांगलीच भोवली.

तळोज्याच्या एका कारखान्यात अंगावर पिंप घसरलं आणि काकांची कंबर कायमची गेली. ठेकेदाराने हात वर केले. खारघरच्या गावठाणात मी त्यांच्या समोरच्या खोलीत राहायचे. काकी घरोघर चपात्या लाटायच्या. संध्याकाळी त्यांची मनगटं सुजलेली असायची. काकांना अपंगत्वाचा दाखला मिळाला, की निराधार योजनेचं अनुदान लागणार होतं आणि काकींचं निदान एक घर तरी सुटणार होतं.

सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायला काका निघाले ते लग्नाला निघाल्यासारखे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गालाला पावडर. काठी त्यांनी मुद्दाम रिक्षातच ठेवली. काठी टेकत साहेबापुढे जाणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटे.

"वाकता येतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"येतं ना सायेब."

"दुखतं का?"

"बरा हाय!"

अपंगत्वाचे टक्के इतके कमी भरले की अनुदानाचा विषयच संपला. हसावं की रडावं, मला कळेना. काकी मात्र कडाडल्या, "तुमी बरं हाव, तर मंग मी कशाला मरते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात उभे.

"ताई, परत जायाचा. मना शिकव."

फेरतपासणीचा अर्ज दिला आणि आमची तालीम सुरू झाली. डॉक्टर मी.

"जिना चढता का?"

"चढतो की!"

आतून काकींचा आवाज, "कवा?"

काका जीभ चावायचे. मग पुन्हा पहिल्यापासून. पण माणूस हट्टी. एकदा शिकायचं म्हटलं की शिकायचंच.

दुसऱ्या खेपेला काका काठी टेकत आत गेले. मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "स्वतःचं स्वतः काय काय करता?"

काकांनी मान खाली घातली. "लेंग्याची नाडी बायको बांधते. संडासावरना उठवते पन तीच."

मला त्यांच्याकडे बघवेना. तसं धैर्य मी फार थोड्यांत पाहिलंय.

दाखला मिळाला, अनुदान लागलं, काकींनी एक घर सोडलं. मग बोर्डाच्या दिवशी काका बाहेरच्या बाकावर जाऊन बसू लागले. नटूनथटून आलेल्याला झापायचे, "पावडर पूस. काठी घे. नि आत बरा हाय बोलायचा नाय!"

आता तो बाक त्यांच्याविना असतो. न्यूमोनियाने गेले. शेवटचे भेटले तेव्हा नाकाला ऑक्सिजनची नळी होती.

"काका, कसं वाटतंय?"

हात हळूहळू छातीवर गेला. "बरा हाय."

"काका, खरं सांगा."

ते हसले. "तू काय बोर्डाची डाक्टरीन हाय का?"