पडद्यावरच्या शिलेदारासाठी

दुपारी दोनच्या सुमारास मीराचा फोन आला. "मावशी, आत्या गेली. मशीनवर बसल्या बसल्याच..." मीरा ही सुमनच्या सख्ख्या भावाची लेक. सुमन माझी मैत्रीण, लातूरला शिवणकाम करायची. तिच्यावर लिहायला महिनाभर हातच उचलत नव्हता...

भोकरजवळच्या गावात तिच्या घरची मोठी शेती. लग्नांत क्लॅरिनेट वाजवणाऱ्या गंगाधरवर तिचा जीव जडला. त्याची जात वेगळी. दोघं पळून जाणार हे तिच्या भावाला, दादाला कळलं आणि त्यानं गंगाधरला भरदिवसा खळ्यावर गाठलं. आधी दगडानं बोटं ठेचली, मग लोखंडी गजानं डोकं फोडून जीव घेतला. चुलत्यानं सुमनचे केस मुठीत धरून तिला समोर उभं केलं होतं. डोळे मिटले की थोबाडीत बसायची. कोर्टात सगळं गाव फिरलं, सुमन एकटी खरं बोलली. दादाला सजा झाली, तिला घर बंद झालं. लातूरला ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आली, ती अशी.

बऱ्याच वर्षांनी कंधारच्या किल्ल्यात एका ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग झालं. कपडे शिवायला सुमन होती. राजकन्या आणि एका साध्या शिलेदाराची गोष्ट. शेवटी राजकन्येचे भाऊच त्याला मारतात. नटी टाहो फोडायला लागली, तेव्हा सुमन दिग्दर्शकाला म्हणाली, "साहेब, तवा आवाज निघत न्हाई. तोंड नुसतं उघडं राहतंय." त्यांनी प्रसंग तसाच घेतला.

सिनेमा लातूरला लागला. सजा भोगून आलेला दादा बायको-लेकीला घेऊन बघायला आला. मीराच्या हट्टामुळं सुमन त्यांच्यासोबत बसली, मीही होते. शिलेदार पडला आणि दादा खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसू लागला. सुमननं त्याच्याकडं वळून पाहिलं.

"दादा, ह्याच्यासाठी रडून राहिलास?"

"लई वाईट मारलं गं पोराला," तो म्हणाला.

सुमन उठून बाहेर गेली आणि थेटराच्या पायरीवर ओकली.

दोन वर्षांनी मीरानं कॉलेजातल्या दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न ठरवलं. घरात कळताच ती पळत सुमनकडं आली. सुमन आतून कडी काढेपर्यंत दादानं मागून येऊन मीराला वेणीला धरून पायरीवर आपटलं. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. सुमन कापड कापायची कात्री घेऊनच बाहेर आली आणि मीरावर आडवी पडली. दोन तडाखे तिच्या खांद्यावर बसले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला... तिसऱ्यांदा दांडा उगारला, तेव्हा तिनं कात्री त्याच्या मांडीत खुपसली.

"तवा मला उभं करून बघायला लावलंत. आता न्हाई बघणार मी."

दादा रक्त दाबत खाली बसला. मी मीराला आत ओढलं.

मीराचं लग्न झालं. सुमनचा खांदा कायमचा उतरला, तरी मशीन चालूच राहिलं. माझी बदली नांदेडला झाली आणि भेटी कमी झाल्या. परवा तिच्या खोलीत गेले, तर मीरा आणि तिचा नवरा सामान आवरत होते. बाहेरून धूळ येत होती म्हणून दार लावायला उठले, तर कडीच नाही. चौकटीवर स्क्रूची चार भोकं.

"आत्यानं खांद्याचं हाड जुळल्याबरोबर काढून टाकली," मीरा म्हणाली. "कुणी पळत आली, तर बाहेर थांबायला नको म्हणून... दार नुसतं लोटून घ्या, मावशी."