कुमुदताईंनी पाठवलेले नाव

कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट जिन्यात झाली. पंचवटीत एका पूजासाहित्याच्या दुकानावर आमच्या कामगार सल्ला केंद्राची खोली आहे. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्यासाठी मला तिथे पाठवले होते. वेळ दहाची होती. मी सव्वानऊलाच पोचले आणि दाराला कुलूप पाहून वरच्या पायरीवर बसून राहिले. दहाला पाच मिनिटे असताना ताई आल्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात किल्ल्या.

"कधीपासून बसला आहात?"

"सव्वानऊपासून. पण वेळ दहाची होती, त्यामुळे चूक माझीच आहे."

"जिन्यात बसणं ही काही चूक नव्हे. ही मेथी धरा, मला कुलूप काढू दे."

मेथीची जुडी धरून मी आत गेले, ती आज सहा वर्षे तिथेच आहे.

लेख ताईंवर आहे, पण माझ्याविषयी चार ओळी आधी सांगितल्या नाहीत तर पुढचे कळणार नाही. मखमलाबादकडे आमची फुलशेती आहे. लहानपणी मला हृदयाचा त्रास होता, म्हणून चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. आत्याने घरीच शिकवले. आत्या कडक होती. एका ओळीत खाडाखोड झाली की सगळे पान पुन्हा लिहायचे. पण ती पूर्ण वेळ माझी एकटीची होती. पाचवीत शाळेत गेले आणि बाई इतर मुलींच्याही वह्या तपासतात हे पाहून मला ताप आला, असे घरी अजून सांगतात. ताईंकडे आल्यावर तो ताप परत आला.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणारा हा गौरवग्रंथ वाचणाऱ्या मंडळींना हे समजेल असे वाटते. कारण आपल्यापैकी प्रत्येकाची अशी समजूत आहे की ताईंना सर्वांत जवळचे आपणच. मीही तशीच समजूत बाळगून आहे, फक्त मला ती रोज तपासून पाहावी लागते.

ताईंच्या कामाविषयी बाहेर फारशी माहिती नाही. ते काम दिसण्यासारखे नाही, हे त्याचे एक कारण. कोणत्या कामाला कमीत कमी किती वेतन दिलेच पाहिजे, हे शासन ठरवते. त्यासाठी सल्ला देणारी एक समिती असते. तिच्यावर मालकांचे प्रतिनिधी असतात, कामगारांचे असतात आणि काही स्वतंत्र सदस्य असतात. समितीची मुदत संपली की संस्था-संघटनांकडून नावे मागवली जातात. आमच्या केंद्राला कामगारांच्या बाजूने एक नाव पाठवता येते. ते एक नाव शोधण्यासाठी ताई दोन-दोन वर्षे हिंडतात. स्वतः मात्र त्या समितीवर कधी गेल्या नाहीत. एकदा विचारले तेव्हा म्हणाल्या, "मी गेले तर माणूस शोधायला कोण जाईल?"

नाव शोधण्याची त्यांची पद्धत मी सहा वर्षे जवळून पाहिली आहे. त्या कुणाचेही परिचयपत्रक मागत नाहीत. माणूस जिथे काम करतो तिथे जातात, चहा घेतात आणि एकच प्रश्न विचारतात. "तुमच्याबरोबर काम करणाऱ्यांत सगळ्यात कमी कुणाला मिळतं, आणि का?" एवढेच. ज्याला उत्तरासाठी आठवावे लागते, त्याचे नाव तिथेच मागे पडते. औद्योगिक वसाहतीतले एक पुढारी या प्रश्नावर अर्धा तास स्वतःच्या लढ्यांविषयी बोलले. ताईंनी सगळे ऐकून घेतले, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचं सगळं समजलं. आता त्याचं नाव सांगा."

"कुणाचं?" पुढाऱ्यांनी विचारले.

"तेच मी विचारत होते," ताई म्हणाल्या, आणि आम्ही निघालो.

भेटलेल्या माणसांसाठी ताईंची एक जाड वही आहे. कोण, कुठे भेटले, काय बोलले, हे त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेले असते. मी एकदा ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. माझे नाव त्यात आहे का, एवढेच पाहायचे होते. ते नव्हते. विचारल्याशिवाय वही चाळल्याचे मला इतके लागून राहिले की दुपारी मी होऊन ताईंना सांगितले.

"मग, सापडलं का नाव?"

"नाही."

"त्या वहीत शोधावी लागलेली माणसं आहेत, सारिका. तू रोज दारातच असतेस."

ही स्तुती आहे की नाही, याचा मी दोन दिवस विचार करत होते.

गेल्या खेपेला समितीसाठी नावे मागवणारे पत्र आले तेव्हा आमचे नाव माझेच असेल, असे मी मनाशी धरून चालले होते. कारणे भक्कम होती. कोणत्या उद्योगाची अधिसूचना कुठल्या फाइलमध्ये आहे हे मला न पाहता सांगता येते. ताईंची भाषणे मी लिहून काढते. त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्यांची वेळही मलाच ठाऊक असते. पत्र वाचून ताई म्हणाल्या, "उद्या दिंडोरीकडे जाऊ." मी नवा ड्रेस घातला. का, ते आता सांगायलाही संकोच वाटतो.

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत सुरगाण्याहून आलेली बायकांची टोळी काम करत होती. टोळी म्हणजे एकत्र कामावर येणारा आणि एकत्र परत जाणारा गट. या टोळीच्या पुढे यमुनाबाई होत्या. चाळिशीच्या, किरकोळ अंगाच्या, बोलताना हात न थांबवणाऱ्या. ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"सखूला," यमुनाबाई लगेच म्हणाल्या. "तिचं पोर तान्हं हाय. पाजायला उठली का मुकादम तेवढा टाइम कापतो. मंग आमी तिच्या वेली वाटून घेतो. पर कागदावर सखूचं कमीच लागतं."

"हे तुम्ही मुकादमाला बोललात?"

"बोल्ले की. तो म्हने, पोर का माझं हाय?" यमुनाबाई हसल्या. "मी म्हनले, तुझं असतं तर पगार तरी कापला नसता."

वेलींमागून बायका हसल्या, ताईही हसल्या. मी हसले नाही, कारण काय झाले ते मला कळले होते. मग ताईंनी समितीचा विषय काढला. यमुनाबाई म्हणाल्या, "मी शिकेल नाय, ताई." ताई म्हणाल्या, "शिकलेले तिथे भरपूर आहेत."

परतीच्या वाटेवर हे वाक्य मी कितीदा मनात म्हटले, त्याची गणती नाही.

यमुनाबाईंचे कागद तयार करण्याचे काम ताईंनी माझ्याकडे दिले. आता जे लिहिते आहे ते ताई आणि यमुनाबाई सोडून कुणाला माहीत नाही. ते लिहिले नाही तर हा लेख खोटा ठरेल, म्हणून लिहिते. मी ती फाइल आठ दिवस दाबून ठेवली. दाबून ठेवली असे तेव्हा मी म्हणत नव्हते, मी तपासत होते. तपासून एका स्वच्छ कागदावर त्रुटींची यादी केली. संमतीपत्रावर सही नाही, पत्ता अपुरा, छायाचित्र एकच, आणि चौथी त्रुटी अशी की जिथे जिथे काम केले त्या मालकांचे अनुभवाचे दाखले जोडलेले नाहीत. पहिल्या तिन्ही खऱ्या होत्या आणि एका दिवसात भरून निघाल्या असत्या. चौथी भरून निघणारी नव्हती. बागेत हंगामापुरत्या येणाऱ्या बाईला कुठला मालक दाखला देतो? आणि शासनाच्या पत्रात दाखल्याचा शब्दही नव्हता. ते पत्र मी तीनदा वाचले होते.

तोवर होळी जवळ आली. टोळी काम संपवून सुरगाण्याला परतली. मी यमुनाबाईंना फोन करून दाखले मागितले आणि त्यांनी "बघते" म्हटल्यावर फोन ठेवला. नावे पोचवायला तीन दिवस उरले तेव्हा ताईंनी फाइल मागितली. यादी वाचून त्यांनी चष्मा वर केला.

"हे चौथं कुठल्या पत्रात आहे?"

मी खोटे बोलू शकले नाही. ते माझे चांगलेपण नाही, मला खोटे बोलताच येत नाही.

"पत्रात नाही. माझ्या मनात होतं."

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी ती यादी फाडलीही नाही. फाडली असती तर मला तो प्रसंग फार मोठा वाटला असता. त्यांनी कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर पोहे, गूळ, साबण अशी वाण्याची यादी लिहायला घेतली आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, "सकाळच्या गाडीनं सुरगाण्याला जा. सही घेऊन ये. आणि यमुनाबाईंना काय सांगायचं ते तुझं तू ठरव."

दुसऱ्या दिवशी बसने सुरगाणा आणि तिथून जीपने त्यांचा पाडा गाठला. यमुनाबाई अंगण सारवत होत्या. सही राहिली आहे म्हटल्यावर त्यांनी हात धुतले.

"येवढंच? मंग आठ दिस काय करत होतीस?"

"तुमचं नाव जाऊ नये असं मला वाटत होतं. माझं जावं असं वाटत होतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "मंग तसं ताईंना सांगायचं व्हतं. मला कशाला दाखले मागितले? मी दोन बागवाल्यांना फोन केला. एक म्हनला, तू कोन? पाच वर्सं त्याच्याकडं जाते मी."

मी संमतीपत्र आणि पेन पुढे केले. पेन हातात घेऊन त्या थांबल्या. "खरं सांग. त्या मालक लोकांपुढं बोलाया जमंल का मला?"

मी "अवघड आहे" म्हटले असते तर त्यांनी पेन खाली ठेवले असते, हे मला स्पष्ट दिसत होते. तसे म्हणणे अगदी खोटेही ठरले नसते. मी म्हणाले, "जमेल. कागद मी समजावून देईन." त्यांनी सावकाश, एकेक अक्षर बसवत सही केली. मग नागलीची भाकर आणि उडदाची डाळ वाढली. जीपची वेळ झाली तरी जेवल्याशिवाय उठू दिले नाही.

फाइल वेळेत पोचली. पुढे यमुनाबाई समितीवर गेल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी तान्ह्या मुलांच्या आयांचा वेळ कापण्याचा प्रश्न मांडला. तो लगेच सुटला नाही, पण कागदावर आला. त्या दिवशी ताई फोनवर त्यांच्याशी पंचवीस मिनिटे बोलल्या. मी घड्याळ पाहिले होते. माझ्याशी इतका वेळ त्या सलग कधी बोललेल्या नाहीत. आता प्रत्येक बैठकीआधी यमुनाबाई केंद्रात येतात आणि मी त्यांना कागद वाचून दाखवते. समजावून झाले की त्या ताईंकडे वळून विचारतात, "ही सांगते ते बरूबर हाय का?" ताई म्हणतात, "बरोबर आहे." मला हे दोन शब्द मिळावेत म्हणून यमुनाबाईंना विचारावे लागते, ही गोष्ट मला आवडत नाही. तरी मी त्या शब्दांची वाट पाहते.

माझा मत्सर गेला असे मी लिहिणार नाही. ताईंनी तो घालवायचा प्रयत्नही केला नाही. उपदेश केला नाही, मला त्या कामावरून दूर केले नाही, कुणापाशी बोलल्या नाहीत. मी जशी आहे तशी हातात फाइल देऊन पुन्हा कामाला लावले. ताईंचा मोठेपणा सांगताना इतर मंडळी मोर्चे आणि निवेदने आठवतील. मला ती वाण्याची यादी आठवते.

समितीची मुदत पुन्हा संपत आली आहे. गुडघ्यांमुळे ताईंना हिंडणे होत नाही, म्हणून यंदा नाव शोधायला त्यांनी मला पाठवले आहे. शोधणाऱ्याने स्वतःचे नाव सुचवायचे नसते, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आतापर्यंत मी तीन नावे आणली. तिन्ही त्यांनी ऐकली आणि म्हणाल्या, "अजून फिर."

तर ताई, अमृतमहोत्सवी वर्षात आपल्याला निरोगी, भरपूर आणि चालते-बोलते आयुष्य लाभो. गोळ्या वेळेवर घ्या. माझी पुढची पुष्कळ नावे आपण ऐकायची आहेत आणि नापसंत करायची आहेत. या ग्रंथाच्या अनुक्रमणिकेत यमुनाबाईंचे मनोगत माझ्या लेखाच्या आधी घेतले आहे, असे संपादकांनी काल कळवले. ते योग्यच आहे. आपल्या शंभरीच्या ग्रंथात मात्र पहिले पान मला हवे, आणि ते मागण्यासाठी तेव्हाही आपण समोर हव्यात.